त्सुशिमाचे ऐंशी स्वार आणि बक्षीस मागायला निघालेला सामुराई

मागच्या भागानंतर बऱ्याच श्रोत्यांनी, त्यातही कॉलेजातल्या मुलांनी जास्त, एकच प्रश्न विचारला. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हा गेम खरा किती? म्हणजे तसं खरंच घडलं होतं का? तर आजचा भाग त्यावर. गेम खेळला नसेल तरी काही बिघडत नाही, लागेल तेवढी गोष्ट मी सांगतोच. आणि जे अजून खेळताहेत त्यांना आधीच सांगून ठेवतो, बोलता बोलता शेवट थोडा फुटणार आहे.

सकर पंच या अमेरिकन कंपनीचा हा गेम जुलै २०२० मध्ये प्लेस्टेशन ४ वर आला. काळ आहे १२७४ चा. मंगोल आरमार जपानच्या त्सुशिमा बेटावर उतरतं. कोमोदाच्या किनाऱ्यावर ऐंशी सामुराई वाट बघत उभे आहेत. त्यांच्यातला एक सरदार एकटाच घोडा पुढे काढतो आणि समोरच्या सेनापतीला द्वंद्वाचं आव्हान देतो. मंगोलांचा खोतुन खान शांतपणे पुढे येतो, हातातल्या प्यालातली दारू त्याच्या अंगावर फेकतो, त्याला पेटवतो आणि मुंडकं उडवतो. मग सगळे सामुराई तुटून पडतात आणि कापले जातात. उरतात दोघं. एक तरुण जिन साकाई, आणि दुसरा त्याचा मामा शिमुरा, जो कैद होतो.

पुढचा सगळा गेम एका भांडणावर उभा आहे. जिनला युना नावाची एक चोर वाचवते. एवढ्या मोठ्या फौजेशी समोरासमोर लढून काही होणार नाही हे जिनला कळून चुकतं. मग तो रात्री छपरांवरून जातो, मागून सुरा खुपसतो, शेवटी विष वापरतो. मामा म्हणतो, हे सामुराईचं वागणं नव्हे, तू कुळाची अब्रू घालवलीस. हे भांडण इतकं पेटतं की शेवटी मामा-भाचे एकमेकांसमोर तलवार उपसून उभे राहतात.

गोष्ट म्हणून हे जबरदस्त आहे. पण माझं म्हणणं असं की हा प्रश्न १२७४ मधल्या माणसांचा नव्हताच. त्यांचा प्रश्न वेगळा होता, आणि मला विचाराल तर जास्त माणसांसारखा होता.

आधी स्वारीबद्दल. कुब्लाई खानाचं पहिलं पत्र जपानला पोचलं १२६८ मध्ये. त्याच वर्षी होजो तोकिमुने हा १८ वर्षांचा पोरगा कामाकुराच्या लष्करी सरकारचा कारभारी झाला. पत्राला उत्तर गेलं नाही. पुढच्या पत्रांनाही नाही. मग कुब्लाईने कोरियाला, म्हणजे तेव्हाच्या गोर्यो राज्याला, जहाजं बांधायला लावलं. गोर्यो स्वतः मंगोलांशी जवळजवळ तीस वर्षं लढून थकलं होतं. गोर्योच्या इतिहासग्रंथातले आकडे असे आहेत: ९०० जहाजं, मंगोल आणि चिनी मिळून २५,००० सैनिक, गोर्योचे ८,००० आणि ६,७०० खलाशी. म्हणजे ज्याला आपण 'मंगोल आरमार' म्हणतो त्याची जहाजं कोरियन सुतारांनी बांधलेली, वल्ही कोरियन खलाशांच्या हातात, आणि पायदळात चिनी माणसं. गेममध्ये हे फारसं दिसत नाही. तिथे सगळे मंगोल. खोतुन खान तर पूर्ण कल्पित, त्या नावाचा कुणी सेनापती नव्हता.

हे आरमार १२७४ च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्सुशिमाला आलं. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. त्सुशिमा हे कोरिया आणि जपान यांच्या मधोमध पडलेलं लांबट, डोंगराळ बेट. कोरियाचा किनारा जेमतेम ५० किलोमीटरवर, जपानची मोठी बेटं त्याहून दूर. भातशेतीला जमीन जवळपास नाहीच. अशा बेटावर फौज ती किती असणार? तिथला कारभारी होता सो सुकेकुनी. परंपरेप्रमाणे त्याचं वय ६८. तो ऐंशी स्वार घेऊन कोमोदाच्या किनाऱ्यावर गेला आणि त्या दिवशी ते सगळे मेले. गेममधला ऐंशीचा आकडा इथून आला. सुकेकुनीचं नाव मात्र गेमने घेतलं नाही, त्याच्या जागी शिमुरा नावाचं काल्पनिक घराणं आणलं.

आणि इथे एक गोष्ट आहे जी मला गेमपेक्षा जास्त आवडते. त्या लढाईतून खरंच दोघं निसटले, असं जुने वृत्तांत सांगतात. सुकेकुनीचीच माणसं. ती डोंगरात दडून सूड घेत बसली नाहीत. त्यांनी एक होडी गाठली आणि समुद्र ओलांडून हाकाताला बातमी पोचवली की ते आलेत. खऱ्या त्सुशिमातून वाचलेल्यांचं काम एवढंच, पण ते करताना मागे आपली माणसं सोडून जावं लागलं असणार.

कारण मागे काय झालं ते भयंकर होतं. निचिरेन हा बौद्ध भिक्षू पुढच्याच वर्षी एका पत्रात लिहितो की त्सुशिमा आणि इकी बेटांवर पुरुषांना मारलं किंवा धरून नेलं, आणि बायकांच्या तळहातांना भोकं पाडून त्यांना जहाजांना बांधलं. तो तिथे नव्हता, हे ऐकीव आहे, हे लक्षात ठेवू. पण दुसरी नोंद शत्रूच्या बाजूची आहे, म्हणून मला ती जास्त बोचते. गोर्योचा इतिहास सांगतो की परत आल्यावर सेनापतीने दोनशे मुलं-मुली राजाला आणि राणीला भेट म्हणून दिल्या. बस, एवढंच वाक्य. ती मुलं कुणाची, पुढे त्यांचं काय झालं, काही नाही. आठवडा-दीड आठवड्यात आरमार इकीकडे निघून गेलं. गेममध्ये जिन खानाला बेटावर महिनोन्महिने रोखून धरतो. प्रत्यक्षात त्सुशिमा कुणी रोखलं नाही आणि कुणी सोडवलंही नाही.

इकी पडलं, मग हाकाताच्या उपसागरात मोठी लढाई झाली. जपानी फौज संध्याकाळपर्यंत मागे हटली, आणि सकाळी पाहतात तर आरमार निघून गेलेलं. वादळ आलं की आधीच माघार ठरली होती, यावर वाद आहेत. गोर्योच्या नोंदीप्रमाणे १३,५०० हून जास्त माणसं परत आली नाहीत.

आता त्या द्वंद्वाच्या आव्हानाकडे येऊ. 'भोळा सामुराई नाव-गाव सांगत पुढे येतो आणि मंगोल त्याला हसतात' हे चित्र कुठून आलं? मुख्यतः 'हाचिमान गुदोकुन' नावाच्या ग्रंथातून. त्यात प्रसंग आहे की हाकाताला लढाई सुरू करताना रिवाजाप्रमाणे एका लहान मुलाने शिट्टी वाजवणारा बाण सोडला आणि मंगोल सैनिक खो खो हसले. पण हा ग्रंथ आहे कसला? आपल्या भाषेत सांगायचं तर ते एक माहात्म्य आहे. हाचिमान या युद्धदेवतेचं माहात्म्य, देवस्थानाशी संबंधित लोकांनी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेलं. त्यात सामुराई हरतात, पळतात, आणि मग रात्री देवळातून पांढऱ्या कपड्यांतल्या आकृत्या बाहेर पडून बाण सोडतात आणि शत्रूला पळवून लावतात. म्हणजे सामुराई जितके बावळट, तितका देव मोठा. आणि देव मोठा ठरला तर देवस्थानाला इनाम. त्या काळी देवळं आणि मठ 'आमच्या प्रार्थनेमुळे जिंकलात' म्हणून सरकारकडे खरोखर बक्षीस मागत होते. हे कळल्यावर ते हसू जरा वेगळं ऐकू येतं.

मग सामुराई स्वतः काय म्हणतात? आपलं नशीब म्हणजे एकाने म्हणून ठेवलंय. त्याचं नाव ताकेझाकी सुएनागा, क्यूशूतल्या हिगो प्रांताचा एक कफल्लक सामुराई. जमिनीच्या भांडणात हरलेला, सोबत फक्त पाच माणसं. हाकाताला त्याला थांबायला सांगितलं होतं, पण हा थांबला नाही. कारण पहिल्यांदा शत्रूवर जो धाव घेईल त्याची नोंद होते, आणि नोंद झाली तर जमीन मिळते. घोडा जखमी झाला, हाही जखमी झाला, आणि मागून दुसऱ्याची तुकडी आली म्हणून वाचला.

आणि एवढं करून त्याचं नाव वर गेलेल्या अहवालात आलंच नाही!

मग पठ्ठ्याने काय केलं? १२७५ मध्ये घोडा आणि खोगीर विकून वाटखर्च उभा केला. घरच्यांचा विरोध होता, तरी क्यूशूहून थेट कामाकुराला निघाला. तिथे छोटे अधिकारी दाद देईनात. शेवटी आदाची यासुमोरी या बड्या अधिकाऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. यासुमोरीने विचारलं, मुंडकी किती आणलीस? तुझी माणसं किती मेली? उत्तर होतं, मुंडकी नाहीत, कुणी मेलंही नाही, जखमी आहोत. मग तक्रार कसली? सुएनागाचं म्हणणं साधं होतं. मी सगळ्यांच्या पुढे होतो, साक्षीदारांना विचारा, खोटं निघालं तर माझं डोकं उडवा. त्याला जमिनीचा हक्क मिळाला, वर एक घोडाही. पुढे त्याने स्वतःच्या पराक्रमाची चित्रं काढून घेतली. त्या गुंडाळ्या आजही जपानच्या शाही संग्रहात आहेत, आणि मंगोल स्वाऱ्यांचं कुठलंही पुस्तक उघडलंत तर त्यातली चित्रं दिसतात. घोडा रक्तबंबाळ, हवेत फुटणारा बाँब, तोच सुएनागा.

हाच माणूस १२८१ च्या दुसऱ्या स्वारीत काय करतो पाहा. त्याला शत्रूच्या जहाजांवर चढायचंय, पण स्वतःची होडी नाही. मग तो थापा मारून दुसऱ्याच्या होडीत घुसतो. शिरस्त्राण जवळ नसतं, तर पायांची नडगी झाकणारी चिलखतं काढून डोक्याला बांधतो. आणि हे सगळं तो लपवत नाही, चित्रांसोबतच्या मजकुरात अभिमानाने सांगतो. त्याच स्वारीत जपानी योद्धे छोट्या होड्यांतून रात्री जाऊन शत्रूच्या जहाजांवर छापे घालत होते. ज्या कामासाठी गेममधला मामा भाच्याला नाकारतो, त्या कामाची खरे सामुराई साक्षीदारांसह पावती मागत होते.

म्हणजे त्यांना इभ्रत नव्हती का? होती, पण ती लोकांच्या तोंडी आणि सरकारच्या वहीत असायची. 'बुशिदो' हा शब्द प्रचारात आला तो यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी. आणि आज आपण बुशिदो म्हणतो त्याचा मोठा भाग १९०० च्या आसपास इनाझो नितोबे यांनी अमेरिकेत बसून पाश्चात्त्य वाचकांसाठी इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकामुळे जगभर गेला. त्यावर सिनेमाचा हात फिरला. गेममध्ये तर कुरोसावाच्या नावाने कृष्णधवल मोडच आहे. थोडक्यात, जिनच्या मामाच्या तोंडी विसाव्या शतकातला सामुराई बोलतो. बाकीचे फरक त्यामानाने किरकोळ. जिन हायकू रचतो, हायकूला अजून चारशे वर्षं वेळ होता. कमरेला कताना आहे, पण तेराव्या शतकात योद्ध्याचं पहिलं हत्यार धनुष्य, तेही घोड्यावरून. अर्थात हा हुबेहूब इतिहास असल्याचा दावा गेम करणाऱ्यांनी कधी केला नाही, तेव्हा त्यांना कशाला धरायचं.

सुएनागाला त्याची नोंद मिळाली, कारण तो जिवंत होता आणि हट्टी होता. पण सगळ्यांना नाही मिळाली. परचक्र परतवलं तरी जिंकलेली जमीन शून्य, मग वाटायचं काय? उपेक्षित योद्धे कर्जात बुडाले, १२९७ मध्ये सरकारला त्यांनी विकलेल्या जमिनी परत करायचा हुकूम काढावा लागला, आणि १३३३ मध्ये ते सरकारच पडलं. देवस्थानं तेवढी 'दैवी वारा' सांगत राहिली.

त्सुशिमाचं पुढे काय झालं? सो घराणं टिकलं, आणि गंमत अशी की कोरियाशी व्यापार आणि बोलणी करणारे मध्यस्थ म्हणूनच टिकलं, थेट मेजी काळापर्यंत. सप्टेंबर २०२० मध्ये, गेम येऊन दोन महिने झाले असताना, एका तुफानाने तिथल्या वातात्सुमी देवळाची तोरी, म्हणजे कमान, पाडली. लोकवर्गणीतून ५० लाख येन मागितले होते, जमले दोन कोटी सत्तर लाखांच्या वर, आणि देणाऱ्यांत गेम खेळणारे भरपूर होते. पुढच्या वर्षी त्सुशिमा शहराने गेमच्या दोन दिग्दर्शकांना पर्यटनाचे दूत नेमलं.

सुकेकुनीच्या नावाचं देऊळ मात्र कोमोदाच्या किनाऱ्यावर आधीपासून आहे. त्याचं डोकं एका जागी पुरलं आणि धड दुसऱ्या जागी, असं स्थानिक लोक सांगतात, आणि दोन्ही समाध्या दाखवतात. दर नोव्हेंबरात तिथे उत्सव होतो. चिलखतं घातलेली माणसं किनाऱ्यावर येतात आणि समुद्राकडे तोंड करून बाण न लावता धनुष्याची दोरी वाजवतात.

१२८१ ची स्वारी, हाकाताची वीस किलोमीटरची दगडी भिंत आणि ताकाशिमाच्या समुद्रतळाशी सापडलेली जहाजं, हे पुढच्या भागात. भेटूच.