ध्वनिलोप, लिनक्स संगणकातील
लिनक्स ही परिचालन प्रणाली बसविलेल्या मेजावरील संगणकातून अपेक्षित ध्वनी न येणे, त्याची कारणे आणि ती शोधून काढण्याच्या पद्धतींचा इतिहास. संगणकाचा पडदा, कळफलक व चकती हे सर्व भाग सुरळीत चालू असताना केवळ आवाज नाही, ही तक्रार लिनक्सच्या अगदी आरंभापासूनची आहे. तिचे स्वरूप मात्र दर काही वर्षांनी पालटत गेले. याचे कारण असे की, या प्रणालीतील ध्वनिव्यवस्था एका आराखड्यानुसार एकदम उभी राहिली नाही. जुन्या थरावर नवा थर चढत गेला आणि प्रत्येक थराने आवाज बंद पडण्याची आपली स्वतंत्र तऱ्हा आणली.

संगणकात ध्वनी हा आकड्यांच्या रूपाने साठविलेला असतो. संगीत तबकडीच्या दर्जाच्या ध्वनीसाठी प्रत्येक वाहिनीचे दर सेकंदास ४४,१०० नमुने घेतात व प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. वादन करणारी आज्ञावली हे आकडे परिचालन प्रणालीच्या गाभ्यातील चालकाकडे देते. चालक ते स्मृतीच्या एका राखीव भागात ठेवतो. साउंड कार्ड ते तेथून आपणहून उचलते, त्यांचे विद्युत् दाबात रूपांतर करते आणि हा संकेत मिश्रकातून व वर्धकातून स्पीकरपर्यंत जातो. या साखळीतील कोणताही दुवा तुटला, तरी ऐकणाऱ्यास परिणाम एकच जाणवतो, तो म्हणजे शांतता. चित्र बिघडले तर बिघाडाचे काही तरी चिन्ह पडद्यावर उमटते. आवाज गेला तर कसलेच चिन्ह मागे राहत नाही. या दोषाचा शोध अवघड होण्याचे मूळ येथे आहे.

लिनस टॉरवाल्ड्स (१९६९– ) यांनी लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये हेलसिंकी येथे प्रसिद्ध केला. त्यात ध्वनीची सोय नव्हती. हन्नू सावोलाइनेन या फिनिश आज्ञावलीकाराने १९९२ मध्ये साउंड ब्लास्टर या कार्डासाठी चालक लिहिला. हे कार्ड सिंगापूरच्या क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी या कंपनीने १९८९ मध्ये बाजारात आणले होते व घरगुती संगणकांत त्याचा मोठा प्रसार झाला होता. हा चालक पुढे व्हॉक्सवेअर आणि नंतर ओपन साउंड सिस्टिम (संक्षेपाने ओएसएस) या नावाने ओळखला जाऊ लागला. युनिक्सच्या परंपरेस अनुसरून त्याने साउंड कार्डाला फाइलीचे रूप दिले. ‘डेव्ह’ या निर्देशिकेतील ‘डीएसपी’ नावाच्या फाइलीत आकडे लिहिले की ते ऐकू येत. ही रचना इतकी सुबोध होती की, एखादी ध्वनिफाइल नुसती त्या फाइलीत ओतून कार्ड चालते की नाही, याची चाचणी घेता येई.

त्या काळी ध्वनिलोपाचे कारण बहुधा तारांच्या व खटक्यांच्या पातळीवर सापडे. साउंड कार्डाला पत्ता, व्यत्यय-रेषा आणि स्मृतीशी थेट व्यवहार करणारी वाहिनी अशा तीन गोष्टींचे क्रमांक लागत. कार्डावरील लहान जोडण्या बदलून ते ठरवीत आणि नेमके तेच क्रमांक गाभ्याचे संकलन करताना सांगावे लागत. संगणकात व्यत्यय-रेषा अवघ्या सोळा होत्या व त्यांतील बहुतेक अगोदरच वाटल्या गेलेल्या असत. साउंड ब्लास्टरच्या पहिल्या आवृत्त्यांची नेहमीची रेषा ७ क्रमांकाची होती व तीच मुद्रकाच्या जोडणीचीही होती. क्रमांक चुकला तर ध्वनीचा पहिला तुकडा अडखळत पुनःपुन्हा वाजे आणि मग सर्व शांत होई. कारण कार्डाने पुढील तुकड्यासाठी पाठविलेला संकेत चालकापर्यंत पोहोचतच नसे. एक क्रमांक दुरुस्त करण्यासाठी गाभ्याचे पुन्हा संकलन करणे आणि संगणक बंद करून परत सुरू करणे भाग पडे. त्या काळच्या यंत्रांवर यात बराच वेळ जाई.

ॲलन कॉक्स या ब्रिटिश आज्ञावलीकाराने रेड हॅट कंपनीच्या साहाय्याने हे चालक सुट्या भागांत विभागले, तेव्हा गाभ्याचे संकलन न करताही चालक बदलून पाहणे शक्य झाले. त्याच कंपनीच्या ध्वनिजुळणीच्या आज्ञावलीत चाचणीसाठी खुद्द टॉरवाल्ड्स यांचा आवाज मुद्रित केलेला होता. त्यात ते ‘लिनक्स’ या शब्दाचा उच्चार करून दाखवीत. अनेक वापरणाऱ्यांनी आपल्या संगणकातून ऐकलेला पहिला आवाज तोच होता.

ओएसएसची मोठी उणीव वेगळ्या ठिकाणी होती. ‘डीएसपी’ ही फाइल सामान्यतः एका वेळी एकच आज्ञावली उघडू शकत असे. संगीत चालू असताना आलेल्या पत्राची सूचना देणारी घंटा मुकी राही किंवा एखादी अडकून पडलेली आज्ञावली फाइल धरून बसली, तर संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत कोणालाच आवाज मिळत नसे. दुसरे कारण परवानगीचे होते. ती फाइल मुख्य प्रशासकाच्या व ‘ऑडिओ’ नावाच्या गटाच्या मालकीची असे. नव्या वापरकर्त्यास त्या गटात घालण्याचे विसरले, तर प्रशासकाला आवाज येई व वापरकर्त्यास येत नसे. ‘प्रशासक म्हणून वाजवून पहा’ हा त्या काळातील परीक्षेचा एक ठरलेला प्रकार होता. पुढे वापरकर्त्याच्या नावे चालणारे ध्वनिसेवक आले आणि हेच लक्षण उलटे झाले. वापरकर्त्यास ऐकू येई व प्रशासकाच्या नावे चालविलेली आज्ञावली मुकी राही. जुनी परीक्षा नव्या यंत्रावर केल्यामुळे पुष्कळांची दिशाभूल झाली.

यारोस्लाव किसेला या चेक आज्ञावलीकाराने ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डासाठी लिहिलेल्या चालकातून १९९८ मध्ये ॲडव्हान्स्ड लिनक्स साउंड आर्किटेक्चर (आल्सा) या प्रकल्पाचा उगम झाला. २००२ मध्ये आल्साचा गाभ्याच्या विकसनशील आवृत्तीत समावेश झाला आणि डिसेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६ या आवृत्तीपासून ओएसएसची जागा आल्साने घेतली. ओएसएस एव्हाना एका खाजगी कंपनीचे विक्रीयोग्य उत्पादन झाले होते. त्या कंपनीने २००७ मध्ये आपली आज्ञावली खुली केली, पण तोपर्यंत बहुतेक चालक आल्सासाठी लिहिले जाऊ लागले होते.

आल्साने ध्वनिलोपाचे एक नवे आणि अतिशय प्रसिद्ध कारण निर्माण केले. चालक प्रथम बसविला की मिश्रकाच्या सर्व वाहिन्या बंद असत. अचानक मोठा आवाज होऊन कानांस व स्पीकरांस इजा होऊ नये, हा यामागील हेतू समंजस होता. परंतु नवख्या माणसास कार्ड ओळखले गेले, चालक चढला, वादन पुढे सरकत आहे, तरी आवाज मात्र नाही, असे दिसे. ‘आल्सामिक्सर’ ही आज्ञावली उघडल्यावर प्रत्येक उभ्या पट्टीच्या तळाशी बंद वाहिनीची खूण म्हणून दोन ‘एम’ अक्षरे दिसत. ‘एम’ ही कळ दाबून वाहिनी उघडावी, पट्टी वर न्यावी आणि ही मांडणी जतन करावी, एवढाच उपाय असे. हजारो तक्रारींचा निकाल त्या एका कळीने लागला, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. यथावकाश लिनक्सच्या निरनिराळ्या वितरणांनी आरंभीच मध्यम पातळी लावून देण्याची व्यवस्था केली.

तथापि, आल्साने कार्डावरील झाडून सारे खटके वापरणाऱ्यासमोर मांडले होते व त्यांतील काहींचा अर्थ नावावरून कळत नसे. साउंड ब्लास्टर लाइव्ह या कार्डाच्या मिश्रकात सदृश व अंकीय जोडणीमधील निवड करणारा एक खटका होता. तो चालू केला की सामान्य स्पीकरचा आवाज जाई. सर्व वाहिन्या उघडा, असा सरधोपट सल्ला मिळालेला माणूस तो खटकाही चालू करी आणि उपायानेच अपाय होई. काही संगणकांत बाह्य वर्धकाचा खटका उलट अर्थाने जोडलेला असे.

इंटेल कंपनीने २००४ मध्ये ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ हे मानक जाहीर केले, तेव्हापासून स्वतंत्र साउंड कार्डाऐवजी मुख्य फलकावरील चिपच बहुतेक संगणकांत ध्वनीचे काम करू लागली. चिपेची कोणती पिन पुढच्या कर्णफोनाला, कोणती मागच्या हिरव्या भोकाला जोडली आहे, ही माहिती फलक बनविणाऱ्याने बायॉसमध्ये नोंदवावयाची असते. ती नोंद पुष्कळदा चुकीची किंवा अपुरी असे. चालक मग रिकाम्या पिनेकडे प्रामाणिकपणे ध्वनी पाठवीत राही. यावर तोड म्हणून आल्साच्या चालकात अशा सदोष फलकांची व त्यांच्या दुरुस्त्यांची एक यादी ठेवण्यात आली व ती वर्षानुवर्षे वाढत गेली. यादीत नाव नसलेल्या फलकासाठी चालकाला नमुन्याचे नाव हाताने सांगावे लागे. निर्मात्याने मौन पाळावे आणि त्याची उणीव दूरदेशीच्या स्वयंसेवकांनी एकेका यंत्रावर प्रयोग करून भरून काढावी, असा हा प्रकार होता.

याच सुमारास दृश्यपटलाच्या एचडीएमआय केबलमधूनही ध्वनी जाऊ लागला. परिणामतः एका संगणकात दोन किंवा अधिक ‘कार्डे’ दिसू लागली. आल्सा शून्य क्रमांकाच्या कार्डास मुख्य मानीत असे. हा क्रमांक स्पीकर नसलेल्या दृश्यपटलाकडे किंवा नुसता ध्वनिग्राहक असलेल्या कॅमेऱ्याकडे गेला, की कोणताही भाग बिघडलेला नसूनही आवाज नाहीसा होई.

अनेक आज्ञावल्यांचे आवाज एकत्र करण्याचे काम गाभ्याच्या बाहेर एखाद्या सेवकाकडे द्यावे, ही कल्पना जुनीच आहे. नोम या कार्यपटलाने ‘ईसाउंड’ व केडीईने ‘आर्ट्स’ हे सेवक वापरले होते. दोन्ही कार्यपटलांच्या आज्ञावल्या एकत्र चालविल्या, तर कार्डावरील ताब्यासाठी या सेवकांत चढाओढ लागे. लेनार्ट पटरिंग या जर्मन आज्ञावलीकाराने २००४ मध्ये ‘पॉलिपऑडिओ’ या नावाने नवा सेवक लिहिण्यास आरंभ केला. २००६ मध्ये त्याचे ‘पल्सऑडिओ’ असे नामांतर झाले. नोव्हेंबर २००७ मध्ये फेडोरा ८ या वितरणाने व एप्रिल २००८ मध्ये उबुंटू ८.०४ ने त्याचा स्वीकार केला. त्यानंतरची दोन-तीन वर्षे लिनक्सच्या ध्वनीच्या इतिहासातील सर्वांत कटू ठरली. आवाज तुटणे, मागे पडणे आणि मुळीच न येणे यांविषयीच्या तक्रारींचा पूर आला व पल्सऑडिओ काढून टाकावा, हाच उपाय सर्रास सुचविला जाऊ लागला. पल्सऑडिओ चालकांकडून ध्वनीच्या स्थानाची अचूक मोजणी अपेक्षीत असे आणि अनेक चालक ती चुकीची देत. एकामागून एक तुकडा वाजविणाऱ्या साध्या आज्ञावल्यांना ही चूक बाधत नसे, म्हणून ती दडून राहिली होती. त्यामुळे दोषाचा मोठा वाटा चालकांचा होता. वितरणांनी पुरेशी सिद्धता न होताच हा सेवक सर्वांच्या माथी मारला, हेही तितकेच खरे.

पल्सऑडिओमुळे ध्वनिलोपाला एक नाव मिळाले. कोणतेही कार्ड न सापडल्यास हा सेवक एक काल्पनिक कार्ड निर्माण करी व मांडणीच्या खिडकीत ‘डमी आउटपुट’ ही अक्षरे दिसत. सर्व आज्ञावल्या आपला ध्वनी तेथे ओतत व तो नाहीसा होई. ही अक्षरे दिसली की दोष सेवकाच्या खालच्या थरात आहे, असे समजावे. ती नसतील व खिडकीतील पट्टी आवाजाबरोबर हलत असेल, तर ध्वनी भलत्या जोडणीकडे जात असण्याचा संभव अधिक असतो. यासाठी ‘पाव्हूकंट्रोल’ ही आज्ञावली फार उपयुक्त ठरली. प्रत्येक आज्ञावलीचा ध्वनी कोठे जात आहे, हे तिच्यामुळे प्रथमच सामान्य माणसाच्या डोळ्यांना दिसू लागले.

बहुतेकांच्या दृष्टीने आवाज जाणे म्हणजे संगीत किंवा चित्रपट खोळंबणे होय. अंध व्यक्तींची गोष्ट निराळी आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी ‘ऑर्का’ ही नोम कार्यपटलाची आज्ञावली आणि अक्षरपटलावर तेच काम करणारी ‘स्पीकअप’ ही त्यांची संगणकाशी असलेली एकमेव वाट असू शकते. ध्वनी गेला की दोष शोधण्याचे साधनही त्याबरोबरच जाते; आल्सामिक्सरमधील बंद वाहिनीची खूण वाचून कोण दाखविणार ? पल्सऑडिओ वापरकर्त्याच्या नावे चालत असल्याने व कार्ड आपल्या ताब्यात ठेवत असल्याने संपूर्ण यंत्रासाठी चालणाऱ्या स्पीकअपच्या आवाजाची कोंडी होई. चित्रपटलावरून अक्षरपटलावर जाताच संगणक मुका होई व या तक्रारीचे समाधानकारक निवारण दीर्घकाळ झाले नाही. वीज वाचविण्यासाठी चिप झोपी जाण्याची सोयही अशीच नडली. ती जागी होईपर्यंत उच्चाराचा आरंभीचा भाग गळे. डोळस माणसाच्या ध्यानातही न येणारी ही त्रुटी वाचनावर विसंबणाऱ्यास एकेका अक्षरापाशी अडवी. या वाचक आज्ञावल्यांना वाणी पुरविणाऱ्या ‘ईस्पीक एनजी’ या मुक्त संश्लेषकात मराठीचाही अंतर्भाव आहे. त्यामुळे हा प्रश्न मराठी वाचकांनाही लागू आहे.

विम टायमन्स या बेल्जियन आज्ञावलीकाराने रेड हॅटमध्ये असताना ‘पाइपवायर’ हा सेवक तयार केला. प्रथम तो चित्रफितींच्या वहनासाठी योजिला होता. पुढे त्याने पल्सऑडिओ आणि संगीतकारांचा ‘जॅक’ या दोन्ही सेवकांची भाषा आत्मसात केली. एप्रिल २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने ध्वनीसाठी त्याचा स्वीकार केला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. पल्सऑडिओच्या तुलनेत हे स्थित्यंतर बरेच शांतपणे पार पडले. दरम्यानच्या काळात चालक सुधारले होते, हे त्याचे एक कारण होय. तथापि, पाइपवायर स्वतः कार्डांची निवड करीत नाही. ते काम ‘वायरप्लंबर’ नावाचा सोबती करतो. हा सोबती चालू नसला तर पाइपवायर सुरू असूनही एकही कार्ड दिसत नाही. प्रणाली अद्ययावत करताना जुना व नवा असे दोन्ही सेवक मागे राहिल्यासही असाच घोळ होतो.

या थरांमुळे शोधाचा क्रम खालून वर असा रूढ झाला आहे. प्रथम स्पीकरची वीज व केबलचे भोक तपासतात. गाभ्याने कार्ड ओळखले किंवा नाही, हे आल्साच्या ‘एप्ले’ या आज्ञावलीला यादी विचारून कळते. यादीत कार्ड नसेल तर दोष चालकाचा, बायॉसचा किंवा चिपेला लागणाऱ्या अंतर्गत आज्ञावलीच्या अभावाचा असतो. यादीत कार्ड असल्यास मिश्रक पाहून थेट कार्डावर चाचणीचा ध्वनी वाजवितात. या वेळी ‘साधन व्यस्त आहे’ असे उत्तर आले, तर तो बिघाड समजू नये. सेवकाने कार्ड धरलेले आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. काही सेकंद कोणताही ध्वनी चालू नसला की तो सहसा ते सोडून देतो. थेट चाचणीत आवाज आला व एरवी येत नसला, तर सेवकाची निवड आणि शेवटी त्या आज्ञावलीची स्वतःची ध्वनिपट्टी पाहतात. प्रत्यक्षात अनेक जण हा क्रम उलटा चालवितात व प्रणालीची पुनःस्थापना करून मोकळे होतात. पुष्कळदा कर्णफोनाची दांडी अर्धवट बसल्याचे त्यानंतर आढळते.