नावात बरंच काही असतं!

प्रोग्रॅमर मंडळींना हे वेगळं सांगायला नको. व्हेरिएबलला भलतंच नाव दिलं की पुढचा माणूस त्या नावावर विश्वास ठेवून कोड लिहितो, आणि बग निघतो काही वर्षांनी. अमेरिकेत, दक्षिण फ्लोरिडात, हे एका अख्ख्या प्रदेशाच्या बाबतीत झालं. एव्हरग्लेड्स!

१७७३ मध्ये जॉन जेरार्ड डी ब्राम या सर्व्हेअरने किनाऱ्याचा नकाशा करताना या भागाला 'रिव्हर ग्लेड्स' म्हटलं. ग्लेड म्हणजे रानातली मोकळी जागा. पुढच्या नकाशांमध्ये 'रिव्हर'चं 'एव्हर' झालं असं मानतात. थोडक्यात, नावातून नदीच गायब! तिथले सेमिनोल लोक मात्र म्हणत 'पा-हाय-ओकी', म्हणजे गवताळ पाणी.

आणि ते अगदी बरोबर होतं. किसिमी नदीचं पाणी ओकीचोबी तलावात यायचं, तलाव भरला की काठावरून सांडायचं आणि सुमारे १०० किलोमीटर रुंद पसरून सावकाश समुद्राकडे सरकायचं. उतार किलोमीटरला जेमतेम तीन सेंटिमीटर. आपल्या गच्चीलाही याच्या कित्येक पट उतार असतो! वर सगळीकडे करवतीसारख्या धारेचं सॉग्रास. खरं तर ते गवत नव्हे, लव्हाळ्याच्या जातकुळीतलं.

पण लोकांना दिसली ती फुकट गेलेली दलदल. १९०५ मध्ये गव्हर्नर झालेल्या नेपोलियन ब्रॉवर्डने ती उपसून शेती करायचा चंग बांधला. कालवे खणले. पाणी गेल्यावर खालची कुजक्या पाल्याची काळी माती सुकून खचायला लागली, पेटायलाही लागली. १९२८ च्या वादळात तलावाचा बांध फुटला आणि किमान अडीच हजार माणसं गेली.

१९४७ मध्ये मार्जोरी स्टोनमन डग्लस यांनी पुस्तक लिहिलं, 'द एव्हरग्लेड्स: रिव्हर ऑफ ग्रास'. हरवलेली नदी नावात परत आली. त्याच वर्षी तिथे राष्ट्रीय उद्यानही झालं. पण त्याच वर्षी मोठे पूर आले, म्हणून १९४८ पासून आणखी कालवे, आणखी बंधारे!

मूळच्या पाणथळीतली आज साधारण निम्मीच उरली आहे. २००० साली दुरुस्तीचा प्रचंड आराखडा मंजूर झाला, काम अजून चालूच आहे. एकट्या किसिमीचंच बघा. वळणं काढून तिला सरळ कालवा करायला १९६२ ते १९७१, नऊ वर्षं लागली. पुन्हा वाकडी करायला १९९९ ते २०२१, म्हणजे बावीस. आणि तीही पूर्ण नाही, काही भागच.