ओझ्याची वाट

नारायणगावाची प्रकृतीच मुळी प्रस्थानाची आहे. पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या येथे उभ्या राहतात, गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात, आणि सुपारी ठरली की फड आपला बाडबिस्तारा घेऊन मार्गस्थ होतात. मीनेच्या पाण्यावर पिकलेली द्राक्षे आणि टोमॅटो येथे गोळा होतात तेही दूरच्या पेठांकडे रवाना होण्यासाठीच. पावसाळा सरून रानातले गवत पिवळे पडू लागले म्हणजे या वर्दळीत आणखी एका जमातीची भर पडते. पुण्याकडून येणाऱ्या एस. टी.तून भल्या पहाटे पंधरावीस मुलेमुली उतरतात, पाठीवर मानेच्याही वर गेलेल्या सॅक असतात, त्यांना बाहेरून पातेली आणि दोर बांधलेले असतात, आणि चहा घेऊन ही मंडळी जुन्नरमार्गे घाटघरची गाडी शोधू लागतात. पुढले चारपाच दिवस ती सह्याद्रीच्या माथ्यामाथ्याने चालत भीमाशंकर गाठणार असतात. आपण निर्जन रानात शिरत आहोत अशी त्यांची भाबडी समजूत असते. वस्तुतः ज्या वाटांवर ती पाऊल ठेवणार असतात त्या वाटांनी दोन सहस्र वर्षे माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवरून ओझी वाहिलेली आहेत.

हा मुलूख कसा रचला गेला आहे ते पाहिल्याखेरीज या वाटांचे मर्म कळत नाही. मीना, कुकडी, घोड आणि भीमा या नद्यांची खोरी एकापाशी एक अशी पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत गेलेली आहेत, आणि मीननेर, कुकडनेर, घोडनेर, भीमनेर ही त्यांची जुनी नावे आहेत. प्रत्येक नेर पश्चिमेला चढत चढत शेवटी एका कड्याशी येऊन थांबते, आणि त्या कड्याखाली दोन अडीच हजार फुटांवर कोकण पसरलेले असते. जेथे जेथे या भिंतीला खिंडार सापडले तेथे तेथे घाट झाला: उत्तरेस नाणेघाट, मग दाऱ्या घाट, आणि आंबेगाव तालुक्याच्या हद्दीत आहुपे घाट. व्यापारी ही भिंत आडवी ओलांडीत असे आणि शक्य तितक्या लवकर तिच्यापासून दूर होऊ पाही. आजची तरुण मंडळी मात्र तिच्या माथ्यावरून उभी चालतात. माळेत मणी ओवावे तसे एकेक घाटमाथा ओवीत जाण्याच्या या खटाटोपाला त्यांच्या बोलीत ‘रेंज ट्रेक’ असे नाव आहे.

या घाटांमध्ये नाणेघाट हा निःसंशय ज्येष्ठ. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल जुन्नरमार्गे प्रतिष्ठानाकडे, म्हणजे पैठणकडे, नेण्यासाठी सातवाहनांनी ही खिंड राबती ठेवली, आणि तिच्या तोंडाशी एक प्रशस्त लेणे खोदविले. त्या लेण्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांत दिलेल्या गाई, हत्ती आणि कार्षापणे यांची त्यात जी मोजदाद आहे, तिच्यामुळे भारतीय अंकलेखनाच्या अत्यंत प्राचीन नमुन्यांत या लेखाची गणना होते. समोरच्या भिंतीवर सिमुक, नागनिका, सातकर्णी इत्यादी राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या; आता वर कोरलेली नावे आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. 1828 साली कर्नल साइक्स याचे या लेखाकडे लक्ष गेले आणि पुढे भगवानलाल इंद्रजींनी त्याचे वाचन केले. घाटमाथ्यावर एका अखंड दगडात कोरलेला जो रांजण आहे तो जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे परंपरा सांगते, आणि घाटाच्या नावाची उपपत्तीही ती त्यातूनच लावते. परंपरेवर विश्वास ठेवावा अगर न ठेवावा. पण जुन्नरभोवतीच्या लेण्यांतून धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचे, तसेच यवन दात्यांचेही लेख आढळतात, तेव्हा या खिंडीतून किती परींचे धन वर चढत असेल याविषयी शंका राहत नाही.

राज्ये बदलली तरी ओझे बदलले नाही. निजामशाही, मोगलाई आणि मराठेशाही या तिन्ही अमलांत जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले या वाटेवर नजर ठेवून होते. गडावर हवालदार आणि सबनीस, मेटावर मेटकरी आणि चौकीवर जकातदार असा सगळा बंदोबस्त असे. या भागात आजही भेटणारे घाटपांडे हे आडनाव घाटांच्या हिशेबाच्या वतनाची आठवण बाळगून आहे. मुंबईचा इंग्रज वैद्य जॉन फ्रायर 1675 साली जुन्नरच्या मोगल अंमलदाराच्या बोलावण्यावरून वर आला, तेव्हा जाताना वाट चुकल्यामुळे त्याला भलत्याच बिकट घाटाने चढावे लागले; परतताना मात्र तो नाणेघाटाने सुखरूप उतरला. खालून मीठ वर यावे आणि वरून धान्य खाली जावे, ही देवघेव बैलांच्या पाठीवर चाले. बैलाच्या दोन्ही अंगांना गोणी लोंबकळत असल्यामुळे अरुंद नाळेत समोरासमोर आलेल्या दोन तांड्यांपैकी एकाला मागे सरून वाट द्यावी लागत असली पाहिजे, हे त्या नाळेतून सॅक घेऊन उतरणाऱ्याला पुस्तक न वाचताही उमजते.

या वाटेचा अंत तोफेने झाला नाही. 1818 च्या मे महिन्यात मेजर एल्ड्रिज याच्या फौजेने हे किल्ले एकामागून एक घेतले, गडांवर जाणाऱ्या पायऱ्या सुरुंगांनी उडविल्या, आणि जीवधनच्या कल्याण दरवाजाकडील तुटलेल्या टप्प्यावर मुलांना आजही दोर लावावा लागतो तो त्यामुळेच. परंतु गड ओस पडले तरी बैल चालतच होते. त्यांना खरा शह मिळाला तो दूरच्या बोरघाटात: तेथे 1830 साली गाडीरस्ता खुला झाला, 1863 साली आगगाडी धावू लागली, आणि 1865 साली थळघाटातूनही लोहमार्ग वर चढला. मालाने स्वस्त वाट धरली आणि जकातीचा रांजण पावसाच्या पाण्याला मोकळा झाला. उरला तो डोंगरातला महादेव कोळी. तो हिरडा वेचून, वाळवून त्याचे ओझे डोक्यावरून जुन्नर-घोडेगावच्या बाजाराला नेत राहिला, सोयऱ्याधायऱ्यांसाठी कोकणात चढउतार करीत राहिला, आणि त्याच्या पायांमुळेच या वाटा गवतात बुजून गेल्या नाहीत.

ज्यांना काहीच विकायचे नाही अशी माणसे या वाटांवर आली ती स्वराज्यानंतर. 1949 साली यूथ होस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, 1954 साली मुंबईत गिरिविहार ही संस्था निघाली, इकडे गो. नी. दांडेकर आणि बाबासाहेब पुरंदरे यांनी आपल्या लेखणीने आणि वाणीने मध्यमवर्गीय घरांतील मुलांना गडांचे वेड लावले, आणि एस. टी.ने त्यांना पायथ्यापर्यंत आणून सोडले. आरंभीच्या काळात घोंगडी, खाकी पिशवी आणि रॉकेलचा स्टोव्ह एवढ्या भांडवलावर ही मंडळी निघत. आता सामानाची जात सुधारली आहे, पण तांदूळ, डाळ, कांदे आणि पाणी यांचे वजन जेवढ्यास तेवढेच आहे.

पहिला मुक्काम बहुधा नागनिकेच्या लेण्याजवळ पडतो. दुसऱ्या दिवशी जीवधन चढून कोठीत डोकवावे. तिच्या अंधारात पायाखाली जी राख लागते ती 1818 मध्ये जळालेल्या धान्याची, असे घाटघरचे लोक सांगतात. मग ढाकोबा, दुर्ग, आंबे-हातवीज असे करीत वाट कड्याच्या काठाकाठाने दक्षिणेस वळते, आणि तिसऱ्या दिवशी एक चमत्कार प्रत्ययास येतो. खांद्यांवरचे वळ तेच असतात, पण शिधा खर्ची पडल्यामुळे सॅक हलकी झालेली असते. बैलाची गोण मुक्कामी पोचेपर्यंत तसूभर कमी होत नसे, कारण तिच्यातला माल दुसऱ्याचा होता. या वाटेवर आपलेच ओझे आपणच खाऊन संपविणारा प्रवासी हाच पहिला.

आहुप्याच्या देवराईच्या सावलीत एकदा आमची मंडळी टेकली असता, हिरड्याची पाटी खाली ठेवून एक म्हातारे कोळीबाबा जवळ आले. त्यांनी एकाची सॅक एका हाताने सहज उचलून पाहिली, दुसरीही पाहिली, आणि वजनाचा अंदाज बांधून झाल्यावर विचारले, “ह्यात इकायला काय हाय, पोरांनो?” विकायला काही नाही म्हटल्यावर ते क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, “मंग खाली ठिवा की. चला घरी, च्या घिऊ.”

चहा झाल्यावर निघताना आम्ही उरलेले तांदूळ त्यांच्या घरी ठेवू लागलो. त्यांनी ते मोजून घेतले, आणि तेवढ्याच मापाने हिरडा आमच्या सॅकमध्ये भरला.