चोमा द कोरोस यांचा तराईतील ज्वर

तिबेटी बौद्ध वाङ्मयाच्या आधुनिक अध्ययनाचा पाया ज्यांनी घातला ते हंगेरियन विद्वान अलेक्झांडर चोमा द कोरोस ११ एप्रिल १८४२ रोजी पहाटे पाच वाजता दार्जिलिंग येथे मृत्यू पावले. ते ल्हासाला निघाले होते. वाटेत तराईच्या जंगलात जडलेल्या ज्वराने त्यांचा अंत केला. त्यांच्या चरित्रकारांनी या मृत्यूस बहुधा तपस्व्याच्या देहत्यागाचे रूप दिले आहे. भात आणि चहा यांवर जगणारा, मद्य व तंबाखू यांस न शिवणारा, पुस्तकांच्या पेट्यांमध्ये चटई पसरून निजणारा आणि अखेरच्या दुखण्यातही औषध नाकारणारा हा पुरुष वाचकाच्या मनात सहजच संतपदास पोहोचतो. १९३३ मध्ये टोकियोच्या तायशो विद्यापीठात त्यांची ध्यानस्थ मूर्ती ठेवण्यात आली आणि बोधिसत्त्व म्हणून त्यांचा गौरव झाला. आम्हांसही चोमांविषयी नितांत आदर आहे. परंतु पालि विनयाचा अभ्यासक या नात्याने त्यांच्या अखेरच्या सहा दिवसांचा वृत्तांत वाचताना, ज्या गोष्टीसाठी त्यांची सर्वाधिक स्तुती होते तीच आम्हांस खटकते.

चोमांचा जन्म १७८४ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातील कोरोस या खेड्यात झाला. जन्माने व श्रद्धेने ते प्रॉटेस्टंट ख्रिस्ती होते. बौद्ध धम्माच्या ओढीने ते पूर्वेकडे आलेले नव्हते. आपल्या मग्यार लोकांचे मूळ मध्य आशियात कोठेतरी सापडेल या कल्पनेने १८१९ च्या अखेरीस ते पायी निघाले व १८२२ मध्ये लडाखला पोहोचले. तेथे विल्यम मूरक्रॉफ्ट या इंग्रज प्रवाशाची गाठ पडली आणि त्याच्याच सूचनेवरून चोमांनी तिबेटी भाषेचा अभ्यास आरंभिला. (हा मूरक्रॉफ्टही पुढे १८२५ मध्ये अंदखोई येथे ज्वरानेच वारला.) झांस्करमधील झांगला येथे सांग्ये फुंत्सोग या लामांजवळ बसून, नंतर फुगताल येथे, आणि १८२७ ते १८३० या काळात किन्नौरमधील कानम येथे चोमांनी जे अध्ययन केले त्याची हकीकत अनेक ठिकाणी आली आहे. हाडे गोठविणाऱ्या थंडीत मेंढीच्या कातड्यात हात गुंडाळून पोथीचे पान उलटण्यापुरतेच ते बाहेर काढावयाचे, असे ते दिवस होते. सरकारकडून मिळणारे महिना पन्नास रुपये हेच त्यांचे उत्पन्न. कोणी भेट देऊ केली तर ते बहुधा परत करीत.

या कष्टांचे फळ १८३४ मध्ये कलकत्त्यास तिबेटी-इंग्रजी कोश व व्याकरण यांच्या रूपाने प्रसिद्ध झाले. पाठोपाठ, ब्रायन हॉजसन यांनी काठमांडूहून एशियाटिक सोसायटीकडे पाठविलेल्या कंजूर व तंजूर या संग्रहांचे त्यांनी केलेले विवरण छापले गेले. कंजूरचे शंभर खंड वाचून त्यांत काय आहे हे सांगणारा हा पहिला युरोपीय होय. त्यातील 'दुल्वा' म्हणजे विनय. मूलसर्वास्तिवादी विनयाचा परिचय युरोपास प्रथम झाला तो चोमांच्या या विवरणामुळे, आणि या विनयात भैषज्यवस्तु हे औषधांसंबंधीचे संपूर्ण प्रकरण आहे. एवढेच नव्हे, तर १८३५ मध्ये चोमांनी 'ग्युद-शी' या तिबेटी वैद्यकग्रंथाचे सारही सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तिबेटी वैद्यकाची ओळख पाश्चात्त्यांस करून देणारे हे पहिलेच लेखन. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

फेब्रुवारी १८४२ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, सोसायटीच्या ग्रंथपालाचे काम सोडून चोमा पुन्हा निघाले. ल्हासाचे ग्रंथसंग्रह पाहावयाचे व तेथून पुढे ज्यांना ते आपल्या लोकांचे पूर्वज समजत त्या युगरांच्या देशी जावयाचे, असा बेत होता. बंगालच्या मैदानातून दार्जिलिंगच्या डोंगरावर चढण्यापूर्वी तराई ओलांडावी लागते. हिमालयाच्या पायथ्याशी पसरलेला दलदलीचा, उंच गवताचा व दाट रानाचा हा पट्टा त्या काळी मृत्यूचे दारच मानला जाई. नेपाळात या तापास 'औलो' असे नाव होते. वाटसरूंनी तराईत रात्रीचा मुक्काम करू नये, तेथे निजू नये, असा स्थानिक लोकांचा दंडक असे. रात्री जमिनीतून विषारी वाफ उठते व ती निजलेल्याच्या अंगात शिरते, ही त्यामागची समजूत. समजूत चुकीची होती, पण दंडक बरोबर होता. कारण हिवताप पसरविणारा अ‍ॅनॉफिलीस डास चावतो तो मुख्यतः रात्रीच. चोमांच्या नंतर एकोणीस वर्षांनी व्हाइसरॉय कॅनिंग यांच्या पत्नी शार्लट याच वाटेने दार्जिलिंगहून परतल्या, तराईतच त्यांना ज्वर जडला आणि नोव्हेंबर १८६१ मध्ये कलकत्त्यास त्यांचा मृत्यू झाला. नोकरचाकर, डेरे व वैद्य ज्यांच्या दिमतीस होते त्यांची ही गत. मग एकट्याने चालणाऱ्या चोमांची काय कथा!

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. भगवान बुद्धांचे जन्मस्थान लुंबिनी हे याच तराईच्या पश्चिमेकडील भागात आहे. सम्राट अशोकाचा तेथील स्तंभलेख डिसेंबर १८९६ पर्यंत आधुनिक जगास अज्ञात राहिला, त्यास रान व ज्वर ही मोठी कारणे होत. १९५० च्या दशकात डीडीटीची फवारणी सुरू झाल्यावरच नेपाळच्या तराईत बाहेरच्या लोकांची वस्ती मोठ्या प्रमाणावर होऊ शकली.

चोमा २४ मार्च रोजी दार्जिलिंगला पोहोचले. तेथील अधिकारी डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल हे स्वतः वैद्यक जाणणारे होते, आणि त्यांनी पुढे लिहिलेला वृत्तांत हाच आपला मुख्य आधार आहे. सिक्कीमच्या राजाच्या वकिलाशी कॅम्पबेल यांनी चोमांची गाठ घालून दिली. तिबेटी भाषा व धर्मग्रंथ यांत इतका निष्णात गोरा मनुष्य पाहून तो वकील चकित झाला. ल्हासाला जाण्याची परवानगी मिळेल अशी आशा उत्पन्न झाली. तोच ६ एप्रिल रोजी कॅम्पबेल भेटीस गेले असता चोमा तापाने फणफणलेले आढळले. कॅम्पबेल यांनी औषध घेण्याचा आग्रह केला. चोमांनी तो मानला नाही. असे ताप आपल्यास पुष्कळदा आले व औषधावाचून गेले, रेवाचिनी व एक वांतीकारक क्षार यांपलीकडे आपण कधी काही घेतलेले नाही, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. चोमा उठून बसले, उत्साहाने बोलू लागले. आपण ल्हासात पोहोचू तेव्हा हॉजसन, महावंसाचे संपादक टर्नर व युरोपातील तत्त्वज्ञ आपला हेवा करतील, असेही म्हणाले. ९ तारखेस ताप पुन्हा उसळला. मुद्रा खोल गेलेली व पिवळी पडलेली, बोलणे असंबद्ध. तेव्हा कोठे मोठ्या प्रयासाने त्यांना थोडे औषध पाजता आले. १० तारखेच्या संध्याकाळी शुद्ध हरपली ती परत आली नाही.

तापाचे चढउतार, काविळीसारखा वर्ण, भ्रम आणि शेवटी बेशुद्धी ही लक्षणे आज कोणासही मेंदूपर्यंत पोहोचलेल्या घातक हिवतापाची आठवण करून देतील. दार्जिलिंग सुमारे दोन हजार मीटर उंचीवर. तेथील थंड हवेत हा रोग जडण्याचा संभव फारच थोडा. म्हणजे तो खालूनच आलेला असला पाहिजे. या जातीच्या हिवतापात डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारणतः नऊ ते चौदा दिवस, क्वचित त्याहून अधिक जातात. २४ मार्च ते ६ एप्रिल हे तेरा दिवस होतात. त्यात पायथ्यापासून चढून येण्याचे दिवस मिळविले तरी हिशेब जवळपास जुळतो. चोमांचे चरित्र १८८५ मध्ये लिहिणारे थिओडोर दुका हे बंगाल सैन्यातील डॉक्टर होते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

हिवतापाचे परजीवी लाव्हेराँ यांनी अल्जीरियात पाहिले ते १८८० मध्ये. रोनाल्ड रॉस यांना ते डासाच्या पोटात सिकंदराबाद येथे सापडले १८९७ मध्ये. आणि चोमा जेथे वर्षानुवर्षे राहिले त्याच कलकत्त्यात रॉस यांनी १८९८ मध्ये पक्ष्यांवर प्रयोग करून संक्रमणाचा मार्ग पूर्णपणे उलगडला. तेव्हा १८४२ मध्ये चोमांना डासाचा संशयही येणे शक्य नव्हते. परंतु ज्वरावर त्या काळी औषधच नव्हते असे मात्र नाही. सिंकोनाच्या सालीपासून क्विनीन १८२० मध्येच वेगळे काढण्यात आले होते. पहिल्या दिवशी औषध घेतले असते तर चोमा वाचलेच असते असे कोणी म्हणू शकणार नाही. तथापि ७ तारखेचा तो तापमुक्त दिवस वाया गेला, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

आता विनयाकडे वळू. महावग्गाच्या चीवरक्खन्धकात, अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूस तथागतांनी आनंदांच्या साहाय्याने आपल्या हातांनी धुतले, ही कथा आपल्या वाचकांस परिचित आहे. तिच्या पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. तेथे तथागतांनी रुग्णाची शुश्रूषा अवघड करणाऱ्या पाच गोष्टी सांगितल्या आहेत. रुग्ण हितकर ते करीत नाही. हितकर गोष्टीतही प्रमाण ओळखत नाही. औषध घेत नाही. आपले हित इच्छिणाऱ्या शुश्रूषकास दुखणे वाढले, कमी झाले की तसेच आहे हे जसेच्या तसे सांगत नाही. आणि वेदना सहन करीत नाही. या यादीपुढे चोमांस उभे करून पाहावे. पाचव्या बाबतीत त्यांची बरोबरी करणारा मनुष्य मिळणे कठीण. झांस्करच्या हिवाळ्यांनी त्यांना तेच शिकविले होते. पण सहनशीलता ही पाचांतील एक आहे आणि औषध घेणे ही दुसरी. एकीने दुसरीची भरपाई होत नाही. चरित्रकारांनी ज्यास वैराग्य म्हटले त्यास विनयाच्या भाषेत 'शुश्रूषेस कठीण रुग्ण' असे साधे नाव आहे.

मज्झिमनिकायातील सब्बासवसुत्तात हाच विवेक डासांच्याच उदाहरणाने दिसतो. सहन करून दूर करावयाच्या आसवांच्या संदर्भात गोमाशा, डास, ऊन व वारा यांचा स्पर्श सोसावा असे तेथे म्हटले आहे. आणि त्याच सुत्तात, योग्य उपयोगाने दूर करावयाच्या आसवांच्या संदर्भात, चीवर वापरावे ते याच गोमाशा व डास यांच्या निवारणासाठी, आणि औषध घ्यावे ते उत्पन्न झालेल्या वेदनांच्या निवारणासाठी, असेही सांगितले आहे. चुल्लवग्गात तर डासांपासून बचावासाठी 'मकसकुटिका', म्हणजे एक प्रकारची मच्छरदाणी, वापरण्याची स्पष्ट अनुमती आहे. यावरून प्राचीनांस हिवतापाचे कारण ठाऊक होते असा अर्थ कोणी काढू नये. त्रास टाळण्याचे साधन हाती असताना तो सोसण्यात पुण्य नाही, एवढेच त्यातून निघते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थ गौतमांच्या देहदंडत्यागास जे स्थान दिले आहे ते या दृष्टीने पुन्हा वाचावे.

आणखी एक भेद आहे. चोमा नेहमी एकटेच प्रवास करीत. चिनी भिक्खू इत्सिंग सातव्या शतकात ताम्रलिप्तीहून मध्यदेशाकडे येत असता, महाबोधीपासून दहा दिवसांच्या अंतरावर, दलदलीच्या व डोंगराळ प्रदेशात ऋतूच्या दुखण्याने आजारी पडले. तांड्यामागे राहिले, लुटारूंनी वस्त्रेही काढून घेतली, तेव्हा अंगास चिखल फासून व पाने गुंडाळून काठीच्या आधाराने ते चालत राहिले. रात्री उशिरा एका गावाजवळ आले तो त्यांचे वडीलधारे सोबती गावाबाहेर उभे राहून मोठ्याने त्यांच्या नावाने हाका मारीत असलेले त्यांना ऐकू आले. ते दुखणे कोणते होते हा येथे प्रश्न नाही. परदेशात आजारी पडलेल्यास हाक मारणारा कोणी असणे, हेच संघाचे एक कार्य होय. कॅम्पबेल यांनी ते करण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. चोमांनी तो अर्ध्यावरच स्वीकारला.

त्यांच्या मागे पुस्तके व कागद यांच्या चार पेट्या, ज्यात ते वारले तो निळा पोशाख, थोडी वस्त्रे आणि स्वयंपाकाचे एक भांडे एवढे सामान निघाले. दार्जिलिंगच्या दफनभूमीत एशियाटिक सोसायटीने त्यांचे स्मारक उभारले. १८६० च्या दशकात त्याच डोंगररांगेत, मंगपू येथे, सरकारने सिंकोनाची लागवड सुरू केली व तेथे क्विनीन तयार होऊ लागले. चोमांनी महाव्युत्पत्तीच्या आधारे तयार केलेला संस्कृत-तिबेटी-इंग्रजी शब्दसंग्रह हस्तलिखितातच राहिला होता. त्याचा पहिला भाग १९१० मध्ये छापला गेला आणि शेवटचा १९४४ मध्ये.