भातलावणीआधीचे पत्र : एका आरोग्यविषयक प्रस्तावावर भाष्य

प्रास्ताविक

आरोग्याला वाहिलेल्या नियतकालिकाकडे दोन तऱ्हांची पत्रे येतात. काही लेख सुचवतात, काही सहकार्याची बोलणी करतात. पुष्कळदा एकाच पत्रात दोन्ही असते आणि संपादकाचा कस तिथे लागतो. भाष्यासाठी घेतलेले पुढील पत्र अभ्यासाकरिता रचलेले आहे. मुळशी तालुक्यातील काही आरोग्यकार्यकर्ते ते एका मराठी आरोग्य-मासिकाला लिहीत आहेत, असे मानले आहे. विषय आहे भातलावणीच्या दिवसांतला सर्पदंश.

प्रत्येक ओळीला एकच कसोटी लावली आहे : ही ओळ खोटी किंवा अर्धवट निघाली, तर किंमत कोण मोजेल? लेखक मोजत नाही, संपादक क्वचित मोजतो. ती मोजतो वाचणाऱ्याच्या घरातला रुग्ण. म्हणून आरोग्यविषयक प्रस्ताव वरवर संपादकाला लिहिलेला असला, तरी त्याचे उत्तरदायित्व त्या रुग्णाशी आहे.

ओळ 1
«मा. संपादक, सप्रेम नमस्कार. आपले गेल्या वर्षीचे पावसाळी अंक आम्ही वाचले. त्यांत डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिसवर लेख आहेत, सर्पदंशावर नाही.»

भाष्य : सुरुवात योग्य आहे. स्वतःची ओळख सांगण्याआधी पत्रलेखकांनी मासिक वाचल्याचा पुरावा दिला आणि रिकामी जागा दाखवली. आरोग्य-मासिक म्हणजे वाचकांशी वर्षानुवर्षे चाललेले संभाषण असते. त्यात शिरणाऱ्याने आधी काय बोलणे झाले आहे ते ऐकले पाहिजे. मराठीत या संभाषणाची मोठी परंपरा आहे. र. धों. कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि 1953 मध्ये निधन होईपर्यंत चालवले. वाचकांच्या खासगी प्रश्नांना त्यांनी छापून उत्तरे दिली. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली, तरीही दंड झाला. वाचकाला काय विचारायचे आहे, ते ओळखून लिहिण्याची ही किंमत होती. ‘आपले मासिक उत्कृष्ट आहे’ अशा स्तुतीपेक्षा ‘अमुक प्रश्न राहिला’ हे वाक्य त्या परंपरेला अधिक मानणारे आहे.

ओळ 2
«पौडच्या पश्चिमेला ताम्हिणीपर्यंतच्या वाड्यावस्त्यांवर आषाढात भातलावणी चालते. त्या दिवसांतल्या सर्पदंशावर आम्ही लेख देऊ इच्छितो.»

भाष्य : ‘मुळशी तालुक्यातील सर्पदंश’ एवढेच लिहिले असते तर ओळ निकामी ठरली असती. एका तालुक्यात इथे दोन जगे आहेत. हिंजवडी आणि माण ही माहिती-तंत्रज्ञानाची गावे मुळशीतच आहेत; तिथून पुण्यातली मोठी रुग्णालये जवळ. घाटमाथ्याकडच्या वाड्यांची गोष्ट वेगळी. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळशीचे धरण उभे राहू लागले. 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तरी जमिनी पाण्याखाली गेल्याच. जलाशयाभोवतीच्या वस्त्यांना दवाखाना गाठायचा तर पाण्याला आणि डोंगराला वळसा घालावा लागतो. सर्पदंशात अंतराचा अर्थ वेळ, आणि वेळेचा अर्थ श्वास. ‘पौडच्या पश्चिमेला’ हे दोन शब्द म्हणूनच या लेखाचा पाया आहेत.

‘आषाढात’ हेही नेमके आहे. लावणी हातांनी होते. चिखलात अनवाणी उभे राहून, वाकून, रोपांच्या मुठी उचलत. बांधावर उंदीर असतात आणि उंदरांमागे साप येतात. बिळात पाणी शिरले की साप घराच्या कोरड्या कोपऱ्याकडे सरकतात. जागा, काम आणि काळ तिन्ही एका ओळीत आले.

ओळ 3
«लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : साप चावल्यावर फडके आवळून बांधू नये, जखम कापू नये, विष चोखू नये, तो हात किंवा पाय हलू न देता रुग्णाला सर्पदंशावरची लस असलेल्या रुग्णालयात लगेच न्यावे.»

भाष्य : पत्राचा कणा ही ओळ आहे. पुष्कळ प्रस्तावांत विषय असतो, म्हणणे नसते. ‘सर्पदंशाबाबत जागृती’ हा विषय झाला. इथे वाचकाने काय करावे आणि काय करू नये, हे सांगितले आहे आणि ते वैद्यकाला धरून आहे. घट्ट बांधल्याने विष अडत नाही. रक्तपुरवठा तुटून अवयव गमावण्याचा धोका मात्र वाढतो. घोणस किंवा फुरसे चावल्यावर रक्ताची गोठण्याची शक्तीच बिघडते. अशा वेळी ब्लेडने दिलेला छेद भळभळत राहतो. सूज चढण्याआधी बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढावीत, हेही या ओळीत यायला हवे होते.

तरीही दोन उणिवा गंभीर आहेत. पहिली मण्यारीची. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, दातांची खूण अनेकदा सापडत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, मग श्वास मंदावतो. ‘साप चावल्यावर’ अशी सुरुवात करणारा लेख या रुग्णाला वगळतो, कारण साप चावला हे त्याला ठाऊकच नसते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे कारण न कळता पोटदुखी झाली आणि डोळे उघडे ठेवणे जड जाऊ लागले, तर सर्पदंशाची शंका घ्यावी, हे वाक्य लेखात असलेच पाहिजे.

दुसरी उणीव लसीच्या मर्यादेची. भारतात मिळणारी ही लस (प्रतिसर्पविष) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनवलेली असते. सह्याद्रीच्या ओल्या रानात चापडाही आढळतो, आणि त्याच्या विषावर ही लस उपयोगी पडत नाही. शिवाय प्रत्येक दंशात विष उतरतेच असे नाही. लक्षणे दिसली तरच डॉक्टर लस देतात. हे न सांगता लेख छापला, तर उद्या लस न देणाऱ्या डॉक्टरवर नातेवाईक संतापतील आणि तो संताप त्या लेखातून आलेला असेल.

ओळ 4
«आमच्यात एक आशाताई आणि एक शिक्षक आहेत, डॉक्टर कोणी नाही. वैद्यकीय भाग एका वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासून घेतला आहे.»

भाष्य : आपला अधिकार कुठे संपतो, हे आपणहून सांगणाऱ्या लेखकावर संपादकाने विश्वास ठेवावा. आशाताईला घराघरातले दिसते, डॉक्टरला शरीरातले. लेखाला दोन्ही नजरा लागतात. कोणती ओळ कोणाची, हे स्पष्ट असले म्हणजे झाले.

इथे घाट उतरून पलीकडे पाहावे. माणगावच्या पुढे महाड तालुक्यात बिरवाडीचे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे 1976 मध्ये रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने रुग्ण डोळ्यांदेखत दगावत. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी क्रमवार नोंदी ठेवल्या : आधी उलटी आणि घाम, मग गार पडणारे हातपाय, मग हृदयावरचा ताण आणि फुप्फुसांत साठणारे पाणी. धोक्याची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांवरचा त्यांचा निबंध 1982 मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ने छापला. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यांनी या दंशावर वापरले आणि सुमारे 40 टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास उतरले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तो निबंध स्वीकारला गेला, तेव्हा लेखकापाठीमागे मोठे नाव नव्हते. नोंद नेमकी होती आणि दावा नोंदीएवढाच होता. मुळशीच्या पत्रलेखकांना यापेक्षा चांगला धडा सापडणार नाही.

ओळ 5
«देशात दरवर्षी सरासरी 58,000 माणसे सर्पदंशाने मरतात, असा अंदाज आहे. आमच्या तालुक्याचा आकडा आमच्यापाशी नाही.»

भाष्य : आकडा खरा आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने 2000 ते 2019 या काळात सुमारे 12 लाख मृत्यूंचा अंदाज मांडला. वार्षिक सरासरी 58,000 येते. परंतु त्याच अभ्यासात सर्वाधिक भार असलेल्या राज्यांमध्ये बिहार, झारखंड, मध्य प्रदेश, ओडिशा, उत्तर प्रदेश, आंध्र-तेलंगणा, राजस्थान आणि गुजरात आहेत. महाराष्ट्र त्या यादीत नाही. देशाची सरासरी मुळशीच्या अंगावर चढवली असती तर ते असत्य ठरले असते. दुसरे वाक्य तो मोह टाळते. तालुक्याचा आकडा नसणे हाही बातमीचा भाग आहे : मार्च 2024 मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि त्याच वर्षी नोंद सक्तीची करण्याची विनंती राज्यांना केली. मोजदाद नीट झाल्याशिवाय निम्मे झाले की नाही, हे कळणार कसे? लेखाने हा प्रश्न विचारावा.

ओळ 6
«बऱ्या झालेल्या एका महिलेची हकीकत तिच्या संमतीने दिली आहे. नाव बदलले आहे.»

भाष्य : संमती घेतली, हे चांगले झाले, पण ओळ अपुरी आहे. वीस-पंचवीस घरांच्या वाडीत नाव बदलून ओळख लपत नाही. ‘गेल्या श्रावणात, दोन लेकरांची आई, माहेरी आलेली’ एवढ्यावर सारी पंचक्रोशी तिला ओळखते. गाव, महिना, नाते यांतले काय ठेवायचे, हे तिच्याशी बोलून ठरवावे. लेख तिला वाचून दाखवावा आणि छपाईपर्यंत तिला नकार देता यावा. सर्पदंशात लाजेचे काही नाही म्हणून ही काळजी वायफळ वाटेल. पण मांत्रिकाकडे नेल्याने उशीर झाला, अशी हकीकत असेल तर दोष घरातल्या माणसावर येतो आणि तिला त्याच घरात राहायचे असते. इतर आजारांत तर कायदाच आड येतो : 2017 च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाची स्थिती आणि त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाचे छायाचित्र वा माहिती संमतीवाचून माध्यमांना देण्यास बंदी आहे. प्रस्ताव लिहिणाऱ्याने हे बंधन प्रत्येक रुग्णासाठी स्वतःहून पाळावे.

ओळ 7
«लेखासोबत वाटायच्या पत्रकाचा छपाईखर्च एक औषध कंपनी देणार आहे. कंपनीला मजकूर आधी दाखवणार नाही.»

भाष्य : पत्रातली सर्वांत अवघड ओळ. पैसा आणि मजकूर वेगळे ठेवण्याचा निर्धार तिच्यात आहे, मात्र कंपनीचे नाव नाही. नाव वाचकाला कळलेच पाहिजे, लेखाच्या सुरुवातीला आणि पत्रकावरही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उत्पादनाची शिफारस करणाऱ्याने उत्पादकाशी असलेले आर्थिक नाते उघड करायचे असते. भ्रामक जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. छापणाऱ्यावरही जबाबदारी येऊ शकते. मधुमेह, कर्करोग अशा अनेक रोगांवर हमखास इलाज असल्याची जाहिरात तर 1954 च्या कायद्यानेच निषिद्ध आहे.

सहकार्य मुळात वाईट आहे, असे मानण्याचे कारण नाही. कर्व्यांनी आपले मासिक पदरमोड करून, ओढगस्त सोसून चालवले. तो त्याग प्रत्येक संपादकाकडून मागणे न्याय्य नाही. कागद, छपाई, टपाल यांना पैसा लागतो. मात्र सहकार्यातून वाचकाला काय मिळते, हे आधी ठरावे. एखादे रुग्णालय आपल्या डॉक्टरचा लेख फुकट देऊ करते आणि शेवटी दूरध्वनी क्रमांक घालते, तेव्हा ती जाहिरात होते. डॉक्टरांसाठीचे 2002 चे आचारनियम रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करू देत नाहीत. तेच रुग्णालय लस आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय चोवीस तास आहे की नाही, हे लेखी कळवत असेल, ग्रामपंचायती ते पत्रक वाटत असतील आणि रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक त्यावर ठळक असेल, तर सहकार्य सार्थ झाले. रुग्णालय, ग्रामपंचायती आणि खर्च देणारी कंपनी या तिघांची नावे छापावीत. मजकुरावर अंतिम शब्द मासिकाचा राहील, हे तिघांनीही आधी लेखी मान्य करावे.

ओळ 8
«लेख इतरत्र पाठवलेला नाही. तो जूनच्या अंकात आला तर उपयोगी पडेल; नकार असल्यास लवकर कळवावे.»

भाष्य : रोपवाटिका जूनमध्ये टाकतात आणि लावणी त्यानंतर, म्हणून जूनचा आग्रह योग्य. हीच माहिती दिवाळी अंकात छापणे म्हणजे लावणीच्या हंगामातल्या रुग्णाला वगळणे. नकार लवकर मागण्यातही औचित्य आहे, कारण उशिरा आलेला नकार लेखाचा हंगाम घालवतो.

ओळ 9
«चूक निदर्शनास आल्यास पुढील अंकात तेवढ्याच ठळकपणे दुरुस्ती छापावी, ही विनंती.»

भाष्य : लेखकाने आपणहून दुरुस्तीची मागणी करावी, हे दुर्मीळ आणि अनुकरणीय आहे. आरोग्याच्या मजकुरात मात्र पुढच्या अंकापर्यंत थांबणे पुरत नाही. जूनमध्ये चुकीचे छापले आणि जुलैमध्ये सुधारले, तर लावणी मधल्या काळात सुरू झालेली असते. वाटलेली पत्रके परत घेणे आणि आशाताईंमार्फत दुरुस्ती घरोघर सांगणे, ही जबाबदारी प्रस्तावातच वाटून घ्यावी.

निर्णय

संपादकाने या पत्राला होकार द्यावा, मात्र तीन दुरुस्त्या मागूनच. तिसऱ्या ओळीत मण्यारीची लक्षणे आणि लसीची मर्यादा यावी. सहाव्या ओळीत त्या महिलेला अखेरपर्यंत नकाराचा अधिकार मिळावा. सातव्या ओळीत कंपनीचे नाव उघड व्हावे. तिन्ही दुरुस्त्यांना पत्रलेखक तयार असतील, तर पौडच्या पश्चिमेकडच्या वाड्यांना या पावसाळ्यात खरोखर उपयोगी पडेल असे काही छापले जाईल. त्यांतली एकही अमान्य असेल, तर लेख कितीही चांगला असला तरी परत पाठवणे हेच वाचकाच्या हिताचे आहे.