पुण्याचा कुंभार आणि कपाळाचे कातडे

मराठी माणसाचे सारे नशीब त्याच्या कपाळावर असते. सटवाई पाचवीच्या रात्री येऊन लिहिते ती तिथेच. गंध लावायचे ते तिथेच. कुंकू रेखायचे तेही तिथेच. काम बिघडले की आपण हात लावतो तो कपाळाला, आणि फारच बिघडले की 'कपाळ माझे!' म्हणून मोकळे होतो. अशा या कपाळाला हल्ली सर्जनची सुरी लागू लागली आहे. वयाबरोबर खाली उतरलेल्या भुवया वर उचलायच्या आणि आठ्या सैल करायच्या, या शस्त्रक्रियेला मोठ्या शहरांत 'ब्राउ लिफ्ट' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटते, हे नवे खूळ साहेबाच्या देशातून आले. परंतु कपाळ आणि सुरी यांचा जुना संबंध शोधू गेले, तर वाट थेट पुण्याजवळच्या एका कुंभाराच्या दारात जाऊन पोहोचते.

आमच्या कंधारात जुन्या मूर्ती पुष्कळ. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचे हे गाव. मन्याडकाठचा किल्ला पाहायला आलेला पाहुणा भग्न दगडी तुकडे पाहून हळहळतो. मुलांना घेऊन हिंडताना माझ्या ध्यानात आले ते हे, की मूर्तीच्या चेहऱ्यावर पहिला घाव बसतो तो नाकावर. दगडाचे नाक तुटले तर मूर्ती खंडित ठरते, तिची पूजा थांबते. माणसाचे नाक कापले तर? त्याची तर पंक्तीतली जागाच जाते. 'नाक कापले' हा आपल्याकडे आज निव्वळ वाक्प्रचार आहे. एके काळी ती खरीखुरी शिक्षा होती.

१७९० ते १७९२ या वर्षांत टिपू सुलतानाशी युद्ध झाले. एका बाजूस इंग्रज, पेशवे आणि निजाम. दुसऱ्या बाजूस म्हैसूर. आमचे कंधार तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे आम्हीही त्या युद्धाच्या एका बाजूला होतोच. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा एक मराठा शेतकरी होता. इंग्रजांनी त्याचे नाव 'कावसजी' असे लिहून ठेवले आहे. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिले. लढाईत शौर्य गाजवलेला हा कोणी सरदार नव्हे. दाणागोटा वाहणाऱ्या बैलांमागे चालणारा गरीब माणूस. जवळजवळ वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या कुंभार समाजातल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले.

हे काम थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात त्याची हकीकत एका पत्रातून छापून आली. सोबत कावसजीचे चित्रही होते. ते पुण्यात काम केलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराच्या हातचे.

कुंभाराची रीत मोठी सुबोध होती. नाकाच्या उरलेल्या खुंटावर त्याने मेणाचा पातळ पापुद्रा बसवून नाकाचा आकार घेतला. तो पापुद्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ मारली. त्या रेघेवरून कपाळाचे कातडे सोडवून घेतले; मात्र दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवली. सगळी मख्खी या पट्टीत आहे. तिच्यातून रक्त खेळत राहते, म्हणून सोडवलेले कातडे मरत नाही. मग ते कातडे पिळा देऊन खाली वळवले, नाकाच्या जागी बसवले आणि सांध्यावर पाण्यात भिजवलेला कात फासलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. होय, आपल्या विड्यातलाच कात! चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली कापडे ठेवली. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाच्या वाती घातल्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली पट्टी कापली आणि नाक स्वतंत्र झाले. भूल देण्याची विद्या १८४६ साली जगापुढे आली. तेव्हा हे सारे रोग्याने उघड्या डोळ्यांनी सोसले, हे विसरू नये.

सुश्रुताच्या ग्रंथातही नाक घडवण्याची कृती आहे. तिच्यात पानाने माप घेऊन गालाचे कातडे वापरायला सांगितले आहे. कुंभाराने कपाळ निवडले. मापाला पान असो की मेण, आधी मोजायचे आणि मग कापायचे, हा धडा दोन्हीकडे एकच.

लंडनमध्ये ती हकीकत वाचून जोसेफ कार्प्यू नावाचा सर्जन वर्षानुवर्षे चौकशी करीत राहिला. १८१४च्या ऑक्टोबरात त्याने एका लष्करी अधिकाऱ्यावर हीच क्रिया केली, आणि १८१६ साली दोन यशस्वी रोग्यांची माहिती देणारे पुस्तक छापले. तिथून ही रीत युरोपभर गेली. पहिल्या महायुद्धात चेहरे फुटलेल्या सैनिकांवर हॅरल्ड गिलिझ यांनी इंग्लंडात जे काम केले, त्यातही कपाळाचे कातडे उपयोगी पडले.

त्याच सुमारास प्रवाह फुटला. जे हात गेलेला चेहरा परत देऊ लागले होते, तेच असलेला चेहरा तरुण करू लागले. १९१९ साली पॅरिसमध्ये रेमों पासो यांनी केसांच्या कडेला कातड्याचे छोटे तुकडे काढून कपाळ आणि भुवया ताणण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टाळूवरून लांब छेद घेऊ लागले. १९९०नंतर दुर्बिणीची नळी आली आणि केसांत दडणारे तीन ते पाच लहान छेद पुरू लागले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी शहरात नोकरी करते. मागल्या सुटीत ती म्हणाली, "गुरुजी, भुवया उतरल्यात. कचेरीत रोज कुणीतरी विचारतं, रात्री झोप झाली नाही का? ऑपरेशन करून घेऊ?" तिची आई आतून म्हणाली, "देवानं दिलेलं कपाळ कापून घेतेस होय!" मला दोघींचेही म्हणणे कळले. रोज थकलेली दिसणारी बाई नोकरीच्या जागी काय काय गमावते, हे मी कोण ठरवणार? म्हणून मी तिला हो-नाही सांगितले नाही. सर्जनकडून कळलेले आणि वाचलेले तेवढे सांगितले.

आधी भुवई उतरली आहे की पापणी, हे तपासून घ्यावे. दोन्हींचे उपाय निराळे. शस्त्रक्रिया तास-दोन तासांची. कपाळाचे कातडे हाडावरून सैल करून भुवया वरच्या जागी पक्क्या करतात, आठ्या पाडणारे स्नायू ढिले करतात. नंतर सूज येते, आणि काळेनिळे उतरून डोळ्यांभोवती जमते. टाके आठ-दहा दिवसांत निघतात. दोन आठवड्यांत बहुतेक लोक कामाला लागतात. टाळूचा बधिरपणा आणि खाज मात्र कित्येक महिने रेंगाळते. छेदाजवळचे केस जाणे, दोन भुवया वरखाली दिसणे, क्वचित शीर दुखावून भुवई न उचलणे, हेही घडते. फार ताणले तर माणूस जन्मभर दचकल्यासारखा दिसतो. आणि वय थांबत नाही. काही वर्षांनी कातडे पुन्हा उतरू लागतेच. तंबाखू असेल तर आधीच सोडावी, कारण ती रक्ताच्या वाटा आवळते. ज्या रक्तासाठी कुंभाराने ती पट्टी राखली, त्याच रक्तावर आजचीही जखम भरते.

कावसजीने कपाळावर व्रण घेतला आणि नाक मिळवले. काय जाणार, काय येणार, हे मेणाचा तो पापुद्रा कपाळावर ठेवला तेव्हाच त्याला दिसले असेल. आज कोणी सर्जनच्या खोलीत आरशासमोर बसले, तर तेवढेच मागून घ्यावे: छेद कुठे, व्रण कुठे, बिघडले तर कोण सावरणार, आणि किती वर्षे टिकणार. याची सरळ उत्तरे देणारा माणूस भेटला तर पुढचा विचार करावा. न भेटला तर उठून यावे.

त्या जुन्या पत्रात रोग्याचे नाव आहे, पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे आहेत. नाक करणाऱ्याचे नाही. जगातल्या सर्जनांनी उचललेली ती विद्या ज्याच्या हातची, तो 'पुण्याजवळचा कुंभार' एवढ्याच ओळखीने राहिला. इतिहासाच्या तासाला मुलांना टिपूची युद्धे सांगताना मी त्याच्यासाठी पाच मिनिटे राखून ठेवतो.