कृत्रिम मूत्र परिसंकोचक

लघवी रोखून धरणारा परिसंकोची स्नायू निकामी झाल्यास त्याचे काम करण्यासाठी शस्त्रक्रियेने शरीरात बसवले जाणारे द्रवचलित उपकरण. प्रोस्टेट ग्रंथी कर्करोगामुळे काढून टाकल्यानंतर काही पुरुषांना खोकताना, उठताना, चालताना लघवी सतत गळण्याचा त्रास होतो. व्यायाम व इतर उपायांनी तो हटला नाही, तर हे उपकरण बसवतात. काही स्त्रियांमध्ये व मज्जारज्जूच्या जन्मजात दोषातही त्याचा उपयोग होतो.

इतिहास : फोली कॅथेटरमुळे परिचित असलेले अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी १९४७ मध्ये मूत्रमार्गाभोवती फुगवायच्या पट्ट्याची कल्पना मांडली. पूर्णपणे शरीराच्या आत राहणारे उपकरण १९७२ मध्ये ब्रँटली स्कॉट यांनी ह्यूस्टन येथे प्रथम बसवले. त्याचे सुधारित रूप असलेले ‘एएमएस ८००’ १९८० च्या दशकापासून जगभर वापरात आहे.

रचना व कार्य : सिलिकोनचे तीन भाग नळ्यांनी जोडलेले असतात : मूत्रमार्गाभोवतीचा पट्टा, ओटीपोटातील दाबनियंत्रक फुगा आणि पुरुषांत अंडकोशात, स्त्रियांत भगोष्ठात ठेवलेला पंप. एरवी द्रवाने भरलेला पट्टा मूत्रमार्ग आवळून धरतो. लघवीला जाताना रुग्ण त्वचेवरूनच पंप काही वेळा दाबतो. द्रव फुग्याकडे जातो, पट्टा सैल पडतो आणि मूत्राशय रिकामे होते. त्यानंतर काही मिनिटांत द्रव आपोआप परत येऊन पट्टा पुन्हा आवळला जातो. जखम भरून येईपर्यंत, साधारण सहा आठवडे, उपकरण बंद ठेवतात. त्या काळात गळती चालूच राहते, हे रुग्णाला आधी सांगायला हवे.

मर्यादा : जंतुसंसर्ग, पट्ट्याखालील ऊती झिजणे आणि यांत्रिक बिघाड हे मुख्य धोके आहेत. काही वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. पंप दाबता येईल एवढी बोटांत ताकद आणि तो कधी दाबायचा याचे भान रुग्णाला असणे आवश्यक असते. म्हणून उपकरणाची निवड करताना रुग्णाच्या वयापेक्षा त्याची हाताळणीची क्षमता पाहणे योग्य ठरते.

उपकरण बंद न करता लघवी काढण्याची नळी (कॅथेटर) घातल्यास मूत्रमार्गाला गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे रुग्णाने उपकरणाची माहिती देणारे कार्ड नेहमी जवळ बाळगावे आणि घरच्यांनाही त्याची कल्पना द्यावी.